झाडूच्या दांड्याला गुंडाळलेला अर्ज

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला बहुतेक प्रवासी डोंगर-सरोवरांकडे जाण्यापूर्वी एखादी रात्र काढतात. मी मात्र तिथे दोन दिवस थांबलो तो तिथल्या स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटलेल्या केट शेपर्ड यांचे घर पाहण्यासाठी. क्लाइड रोडवरचे ८३ क्रमांकाचे हे लाकडी घर इतके साधे आहे की पहिल्या खेपेस मी त्याच्यासमोरून तसाच पुढे गेलो.

लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या केट तरुणपणी कुटुंबासह इथे आल्या आणि मद्यनिषेधाच्या चळवळीत पडल्या. मुलांना दारू विकू नये, अशी साधी मागणी घेऊन संसदेकडे गेलेल्या बायकांच्या अर्जांना तिथे कोणी विचारले नाही, आणि ज्याला मत नाही त्याच्या शब्दाला वजन नाही, हे त्यांनी तिथेच ओळखले. मग स्त्रियांना मताचा हक्क मागणाऱ्या अर्जांवर १८९१ साली नऊ हजारांवर सह्या जमल्या, पुढच्या वर्षी सुमारे वीस हजार आणि १८९३ मध्ये जवळपास बत्तीस हजार. गावोगावच्या बायकांनी दारोदार फिरून भरलेले कागद याच घरी येत. केट ते एकापुढे एक चिकटवत गेल्या आणि झालेली लांबलचक गुंडाळी त्यांनी झाडूच्या दांड्याच्या तुकड्याभोवती गुंडाळली. या मागणीच्या बाजूचे खासदार सर जॉन हॉल यांनी ती संसदेच्या सभागृहात उलगडली, तेव्हा दांडा पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळला, असे सांगतात.

स्त्रियांना मत देणारे विधेयक वरिष्ठ सभागृहात २० विरुद्ध १८ मतांनी जेमतेम तरले. गंमत अशी, की पंतप्रधान सेडन यांनी ते पाडण्यासाठी पडद्याआडून केलेल्या खटपटींवर चिडून दोन विरोधी सदस्यांनी ऐन वेळी बाजू बदलली. १९ सप्टेंबर १८९३ रोजी गव्हर्नरांची सही झाली. आपल्याकडे मुंबई प्रांतात स्त्रियांना मत मिळायला १९२१ उजाडले, आणि त्यासाठी रमाबाई रानडे यांना झटावे लागले, ते मला त्या अंगणात उभे असताना आठवत होते.

दहा डॉलरच्या नोटेवर केट यांचा चेहरा आहे; दुपारी कॉफीचे पैसे देताना तीच नोट माझ्या हातून गेली. पुढे वेलिंग्टनला राष्ट्रीय ग्रंथालयातल्या अंधूक उजेडाच्या दालनात मूळ अर्ज पाहिला. काचेखाली एकाखाली एक सह्या, शेजारी राहण्याचे ठिकाण. कुठे वळणदार अक्षर, कुठे शाई फुटलेली. एकेक नाव वाचता वाचता दालन बंद होण्याची वेळ झाली.