आमची वाटचाल: पाऊण नंबरच्या काचेपासून

आमच्या चष्म्याच्या दुकानाची सुरुवात एका जुन्या ट्रायल बॉक्सने झाली. ट्रायल बॉक्स म्हणजे ती पेटी, जिच्यात प्लस-मायनसच्या गोल काचा ओळीने खोचलेल्या असतात आणि नंबर काढताना "ही बरी की ती बरी" विचारत आम्ही एकेक डोळ्यासमोर धरतो. सेकंडहँड घेतली, आणून उघडली तर मायनस पाऊणच्या दोन्ही काचा गायब! नवीन मागवायला तेव्हा हातात पैसे नव्हते, मग काय, मायनस एकवर प्लस पाव चढवायची, झाला पाऊण. दोनेक वर्षं असंच चाललं आणि कोणाचा नंबर चुकला नाही.

खोली जेमतेम १० फुटी. अक्षरांचा तक्ता वाचायला अंतर हवं ६ मीटर (स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरांनी १८६२ साली तो तक्ता काढला, ६/६ म्हणतो त्यातला वरचा ६ म्हणजे हेच अंतर). मग आरसा लावला. उलट्या अक्षरांचा तक्ता पेशंटच्या डोक्यामागे आणि आरसा समोर, जाऊन-येऊन अंतर दुप्पट. दर दोन दिवसांनी कोणीतरी वाचता वाचता मागे वळायचं आणि उलटी अक्षरं बघून घाबरायचं, की आपल्या डोळ्यांना झालं काय.

नंबर काढायचं काम माझं, फ्रेम, काचा, फिटिंग बायकोचं. ही वाटणी अजून तशीच आहे, आणि खरं सांगायचं तर दुकान टिकलं ते तिच्या बाजूमुळे.

कारण माझा घोळ असा होता की मला वाटायचं नंबर बरोबर आला म्हणजे काम झालं. एक इलेक्ट्रिशियन आले होते, पन्नाशीच्या आसपास, त्यांना प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा दोन्ही नंबर) करून दिला. आठ दिवसांत परत. म्हणाले खाली बघितलं की मस्त दिसतं पण कामावर दिसत नाही. मी परत तपासलं, अ‍ॅक्सिस (सिलिंडर नंबर ज्या कोनात बसतो तो) पाच डिग्री फिरवला, काच बदलली, ते परत आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी जरा वैतागूनच परत नंबर काढायला बसवणार तर बायको आतून म्हणाली, अहो दादा, काम कसं करता ते करून दाखवा बरं. ते स्टुलावर चढले, मान मागे टाकली आणि दोन्ही हात वर ट्यूबलाइटकडे. आता प्रोग्रेसिव्हमध्ये जवळचा नंबर असतो खाली, आणि या माणसाचं जवळचं काम सगळं डोक्याच्या वर! मी तीनदा जे तपासत होतो ते आधीपासून बरोबरच होतं. शेवटी खाली जवळचा, मध्ये लांबचा आणि वर परत जवळचा अशी काच करून दिली, खर्च अर्थात आमचा.

त्या दिवसापासून आमच्या कार्डावर नंबराच्या रकान्यांच्या वर एक ओळ आली, 'दिवसभर काय करता?' मी टेबलावर एक मोजपट्टी पण ठेवली. जवळचा नंबर आपण साधारण ४० सेंटिमीटरला काढतो, हातात कागद धरून वाचायचं ते अंतर. पण व्हायोलिन वाजवणाऱ्या माणसाचं स्वरलिपीचं पान असतं ७० सेंटिमीटरवर. चाळिशीचा चष्मा सव्वादोनचा असेल तर त्या पानासाठी सव्वा पुरतो, सव्वादोन लावला तर पान धुरकटच दिसणार, आणि मग ते बिचारे पानावर वाकून वाजवतात आणि मानदुखीवर मलम लावत बसतात.

पुढे नंबर काढायचं मशीन घेतलं, हनुवटी टेकवा, चित्राकडे बघा, चिठ्ठी बाहेर. लोकांचा विश्वास एकदम वाढला (माझ्यावर नाही, चिठ्ठीवर). मशीन चांगलंच आहे, पण लहान मुलांच्या बाबतीत जपून. मूल आत डोकावून बघतं म्हणजे त्याच्या डोळ्यातलं भिंग जवळ बघितल्यासारखं फुगतं आणि नसलेला मायनस नंबर निघतो. एका मुलीचा पावणेदोन आला होता, डोळ्यात औषध घालून तपासल्यावर शून्य. तिच्या बाबांना चिठ्ठीपेक्षा मी खरा हे पटवायला अर्धा तास गेला.

याच्या उलटही होतं. मुलाचा एक डोळा चांगला आणि दुसरा कमजोर असेल तर ते तक्रारच करत नाही, त्याला वाटतं जग असंच दिसतं. कमजोर डोळ्याला चष्मा लागला नाही की मेंदू त्याचं ऐकणं सोडून देतो, आळशी डोळा म्हणतात ते हेच, आणि सात-आठ वर्षांच्या आत पकडलं तर बरं, नंतर सुधारणं अवघड होत जातं. घरी एवढंच करा, खेळता खेळता एक डोळा झाकायला लावा, मग दुसरा. एखाद्या बाजूला पोर हात झटकायला लागलं की घेऊन या.

आणि काही वेळा आमच्या धंद्याच्या विरुद्ध बोलावं लागतं. एक ताई नवीन चष्मा घेऊन गेल्या, पंधरा दिवसांत म्हणाल्या काच चुकली. तपासलं तर नंबर खरंच वेगळा आला. मायनस वाढला होता. दुसरी काच दिली, परत तेच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, म्हटलं आधी रक्तातली साखर बघून या. खूपच वाढलेली निघाली. साखर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं, बदलतं आणि नंबर हलतो, म्हणून साखर आटोक्यात येऊन काही आठवडे जाईपर्यंत चष्मा करायचाच नाही. आणि शुगर असेल तर वर्षातून एकदा डॉक्टरांकडून डोळ्यातला पडदा तपासून घ्यायचा, नजर चांगली असली तरी.

तसंच आजोबा खुशीत येऊन सांगतात, माझा वाचायचा चष्मा सुटला बघा, या वयात! मला त्यांचा आनंद घालवायला जिवावर येतं. बहुतेक वेळा तो मोतीबिंदू सुरू झालेला असतो, भिंग घट्ट होऊन मायनसकडे सरकतं, म्हणून जवळचं फुकटात दिसायला लागतं आणि लांबचं हळूच जातं. काचबिंदू तर त्याहून लबाड. त्यात कडेची नजर आधी जाते, मधली शाबूत, त्यामुळे माणूस तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचतो आणि म्हणतो मला काही नाही. गेलेली नजर परत येत नाही. म्हणून घरात कोणाला काचबिंदू असेल तर मी नंबर काढायच्या आधीच डॉक्टरांकडे पाठवतो.

स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांबद्दल विचाराल तर आम्हीही सुरुवातीला आवडीने विकल्या, जास्तीचे पैसे कोणाला नको असतात. पण २०२३ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय संशोधन पडताळून बघणारी संस्था) १७ चाचण्या एकत्र करून बघितल्या आणि साध्या काचेपेक्षा डोळ्यांचा थकवा कमी झाल्याचं काही दिसलं नाही. आता कोणी मागितली तर देतो, आपणहून गळ्यात मारत नाही. स्क्रीनपुढे डोळे जळजळतात याचं मोठं कारण म्हणजे पापणी लवायची विसरते, एरवी मिनिटाला पंधराएक वेळा लवते, स्क्रीनसमोर त्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी. त्याला काच काय करणार.

मागच्या वर्षी एक काकू आल्या. दिवसभर काय करता विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, घरीच असते. मी तसं लिहून पण टाकलं. बायकोने त्यांच्या बोटाकडे बघितलं, टोकाला बारीक बारीक टोचल्याच्या खुणा. भरतकाम करता का हो? तर म्हणाल्या, ते होय, ते काय काम आहे का. सुई धरायला लावली, पट्टी लावून मोजलं, २८ सेंटिमीटर. इतक्या जवळ त्यांचा वाचायचा चष्मा चालणारच नव्हता, म्हणून तीन वर्षं सुईत दोरा नातीकडून ओवून घेत होत्या. वेगळा चष्मा करून दिला.

यंदा परत आल्या तपासायला. कार्ड भरताना मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, लिहा, भरतकाम.