एलएसई समर स्कूल, लंडन: तीन आठवड्यांचा वृत्तांत आणि जाणाऱ्यांसाठी बारकावे

होल्बर्न स्टेशनातून बाहेर पडून किंग्जवेनं दक्षिणेकडे निघालं की पाच-सात मिनिटांत डाव्या हाताला हॉटन स्ट्रीट लागतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स इथंच आहे. मोठं फाटक, हिरवळ, कमान असलं काही दिसत नाही. ऑफिसांच्या गर्दीत मिसळून गेलेल्या इमारती आहेत, त्यामुळे पहिल्या दिवशी बरेच जण पुढे ऑल्डविचपर्यंत जाऊन परत फिरतात. १९८९पासून दर उन्हाळ्यात इथं समर स्कूल भरतं. जूनच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तीन-तीन आठवड्यांची तीन सत्रं असतात आणि एका सत्रात एकच विषय घ्यायचा असतो. अकाउंटिंग, फायनान्स, मॅनेजमेंट, इकॉनॉमिक्स, कायदा धरून शंभराच्या वर कोर्सेस आहेत.

आपल्याकडचे बीकॉम, बीएमएस (मॅनेजमेंट), बीएएफचे (अकाउंटिंग-फायनान्स) विद्यार्थी इथं येतात तेव्हा घरच्यांच्या मनात बहुधा लंडनची सहल आणि सोबत एक सर्टिफिकेट असं चित्र असतं. ते आधीच पुसून टाकलेलं बरं. बहुतेक कोर्सेसना ३६ तास लेक्चर आणि १८ तास क्लास असतो, म्हणजे एकूण ५४ तास. आपल्याकडे चार क्रेडिटच्या पेपरला ६० तासिका धरतात आणि त्या अख्ख्या सेमिस्टरभर पसरलेल्या असतात. इथं तेवढाच पेपर पंधरा कामाच्या दिवसांत संपतो. मध्ये एक परीक्षा किंवा निबंध, शेवटी लेखी परीक्षा, आणि त्यावर ग्रेड. एक दिवस बुडाला तर कॉलेजच्या हिशेबानं आठवडा बुडाला.

कोर्स निवडताना नावापेक्षा नंबर बघा. १००च्या मालिकेतले पायाभूत, २००चे मधले, ३००चे वरचे. बीएएफच्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी अकाउंटिंगचा १००चा कोर्स घेतो, पहिला आठवडा सोपा जातो म्हणून खूश होतो आणि जे कॉलेजात फुकट शिकला तेच पौंड मोजून पुन्हा शिकतो. उलट टोकाची चूक इकोनोमेट्रिक्समध्ये, म्हणजे अर्थशास्त्राला संख्याशास्त्र लावण्याच्या विषयात होते. बीकॉमला संख्याशास्त्र झालेलं असतं, पण ते सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध इथवरच. ईसी २१२ या इकोनोमेट्रिक्सच्या कोर्सला मात्र हायपॉथिसिस टेस्टिंग (आकडेवारीवरून एखादा दावा टिकतो का ते तपासणं) आणि थोडं कॅल्क्युलस येतं असं धरूनच सुरुवात होते. आमचं मत स्पष्ट आहे: आपल्या कॉलेजात जे झालंय त्याच्या बरोबर एक पायरी वरचा कोर्स घ्या. प्रत्येक कोर्सच्या पानावर आधी काय झालेलं हवं ते लिहिलेलं असतं. ते वाचून आपल्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम शेजारी ठेवा आणि विषयागणिक ताडून बघा.

सत्र कुठलं घ्यायचं, याचं उत्तर लंडनमध्ये नाही, आपल्या कॉलेजच्या वेळापत्रकात आहे. महाराष्ट्रातली विद्यापीठं एप्रिल-मेमध्ये परीक्षा घेतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे वर्ग जून-जुलैत सुरू होतात. तिसरं सत्र घेतलं तर परत येईपर्यंत ऑगस्टचा मध्य उजाडतो आणि ७५ टक्के हजेरीचा हिशेब बिघडतो. पहिलं सत्र त्यातल्या त्यात बसतं. तरीही जाण्याआधी प्राचार्यांकडून रजेचं लेखी पत्र घ्या. ते हजेरीला उपयोगी पडतं आणि व्हिसालाही.

अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरता येतात आणि प्रवेश येतील तसे देत जातात. फायनान्सचे लोकप्रिय कोर्स लवकर भरतात. लागणारी मुख्य गोष्ट म्हणजे मार्कशीटच्या प्रती. मूळ मार्कशीट विद्यापीठाकडून यायला आपल्याकडे किती वेळ लागतो ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून परीक्षा विभागात ट्रान्सक्रिप्टचा अर्ज डिसेंबरातच टाकून ठेवा.

पैशांचं गणित मोकळेपणानं मांडायला हवं. फी, हॉस्टेलची खोली, विमान, व्हिसा, विमा आणि रोजचं खाणं-फिरणं धरून एका सत्राचा खर्च सात लाखांच्या खाली बसवणं अवघड आहे. फी पाठवताना बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म ए-२ भरावा लागतो. त्यात पैसे कशासाठी जातात ते सांगणारा पर्पज कोड असतो, परदेशी शिक्षणाचा कोड एस ०३०५ आहे. काउंटरवरचा माणूस घाईत टूरचा कोड टाकू शकतो, तसं झालं तर टीसीएसची, म्हणजे बँक पैसे पाठवतानाच गोळा करते त्या कराची आकारणी वेगळी लागते. म्हणून फॉर्मवर सही करताना कोड स्वतः वाचा. लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर रक्कम गेली की वरच्या रकमेवर टीसीएस कापला जातो. तो ज्याच्या पॅनवर कापला जातो त्याच्याच रिटर्नमध्ये वळता होतो. त्यामुळे पैसे आईच्या खात्यातून गेले असतील तर ते आईच्या रिटर्नमध्ये दाखवा. फी एप्रिलच्या आधी आणि बाकीचा खर्च एप्रिलनंतर गेला तर दोन वेगळी आर्थिक वर्षं धरली जातात, हेही ध्यानात ठेवा.

व्हिसा स्टँडर्ड व्हिजिटर प्रकारचा लागतो. सहा महिन्यांपर्यंतचा अभ्यास त्यात चालतो, क्षयाची तपासणी लागत नाही. काम मात्र करता येत नाही, बिनपगारी इंटर्नशिपसुद्धा नाही. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. मुंबई किंवा पुण्याच्या व्हीएफएस केंद्रात (व्हिसाचे अर्ज घेणारी कंपनी) बोटांचे ठसे दिल्यावर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. मे महिन्यात सुट्टीच्या पर्यटकांची गर्दी असते, तेव्हा एप्रिलमध्येच ठसे देऊन मोकळं व्हा.

अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक वेळा बँक स्टेटमेंटमुळे. महिन्याला पन्नास-साठ हजार जमा होणाऱ्या खात्यात अर्जाच्या पंधरवड्याआधी एकदम सहा लाख येतात आणि त्यांचा उगम कागदावर कुठेच नसतो. एफडी मोडली असेल तर मोडल्याची पावती जोडा. मामांनी दिले असतील तर मामांचं पत्र आणि त्यांचंही स्टेटमेंट जोडा. सोबत प्रवेशाचं पत्र, ज्यात कोर्सचं नाव, तारखा आणि फी असेल, फी भरल्याची पावती, कॉलेजचं रजेचं पत्र, पालकांचं खर्चाची हमी देणारं पत्र आणि त्यांचे आयकर रिटर्न. मराठीतला कुठलाही कागद, मग तो सातबारा असो की सोसायटीचा दाखला, भाषांतर करूनच द्यायचा आणि त्यावर भाषांतरकाराची सही-तारीख हवी. या व्हिसाला नकार आला तर अपील नसतं, नवा अर्ज आणि नवी फी. शिवाय पुढे मास्टर्ससाठी ब्रिटनचा व्हिसा मागताना हा नकार सांगावा लागतो. म्हणून घाईचा अर्ज करण्यापेक्षा पुढच्या उन्हाळ्याची वाट बघणं शहाणपणाचं.

मुंबईहून थेट विमानं हीथ्रोला उतरतात. व्हिसा मिळाला तरी इमिग्रेशनवर चौकशी होऊ शकते, म्हणून कागदांची फाइल हातातल्या बॅगेत ठेवा. पिकॅडिली लाइन हीथ्रोहून थेट होल्बर्नला जाते, कुठेही बदलावं लागत नाही. ऑयस्टर हे लंडनच्या मेट्रो-बसचं कार्ड काढायची गरज नाही, फॉरेक्स कार्ड कॉन्टॅक्टलेस असेल तर गेटवर तेच चालतं. मात्र दिवसभर एकच कार्ड वापरा. सकाळी कार्ड आणि संध्याकाळी फोन टेकवला तर यंत्रणेला ते दोन प्रवासी वाटतात आणि दिवसाच्या कमाल भाड्याची सवलत जाते. बसमध्ये रोख चालत नाही.

राहण्यासाठी एलएसईची स्वतःची हॉस्टेल उन्हाळ्यात मिळतात. थेम्सच्या दक्षिणेला टेट मॉडर्नच्या पाठीमागे बँकसाइड हाउस आहे. तिथून नदी ओलांडून वर्गापर्यंत अर्ध्या तासाच्या आत चालत पोचता येतं. हाय होल्बर्नचं हॉस्टेल त्याहून जवळ आहे. लांबच्या उपनगरात स्वस्त खोली घेण्याचा मोह होतो, पण जाण्या-येण्यात रोज दोन तास गेले तर ते नेमके वाचनाच्या तासांतून जातात. हॉस्टेलच्या खोल्यांत एसी तर नसतोच, छताला पंखाही नसतो. उष्म्याची लाट आली की रात्री झोप लागत नाही, तेव्हा पहिल्याच आठवड्यात छोटा टेबलफॅन विकत घ्या. जूनअखेरीला सूर्य सव्वानऊनंतर मावळतो. उजेड आहे म्हणून फिरत राहिलं तर रात्री अकराला पुस्तक उघडलं जातं, आणि पहिल्या आठवड्यात मागे पडणाऱ्यांचं हेच होतं.

आता वर्गाबद्दल. लेक्चर मोठ्या हॉलमध्ये, क्लास छोट्या गटाचा. क्लासला जाण्याआधी दिलेली गणितं सोडवून न्यायची असतात. तिथं शिक्षक गणित सोडवून दाखवतीलच असं धरू नका, तुम्ही काय केलंत आणि का केलंत हे विचारतात. फायनान्समधलं एक साधं उदाहरण घेऊ. १०० दर्शनी किमतीचा, तीन वर्षांचा, वर्षाला ५ टक्के कूपन (व्याज) देणारा रोखा, म्हणजे बाँड. बाजारातला परतावा ६ टक्के असेल तर किंमत किती? ५ भागिले १.०६, ५ भागिले १.०६चा वर्ग, १०५ भागिले १.०६चा घन, बेरीज ९७.३३. इथवर आपली मुलं सगळ्यात आधी पोचतात. पुढचा प्रश्न येतो: परतावा ७ टक्के झाला तर? ड्युरेशन (परतावा बदलला की किंमत किती हलते याचं माप) वापरून अंदाज काढला तर किंमत २.६२नं घसरायला हवी. पुन्हा पूर्ण गणित केलं तर ती ९४.७५ येते, म्हणजे घसरण २.५८. फरक का पडला, आणि अंदाज नेहमी जास्तच घसरण का दाखवतो? उत्तर असं की किंमत आणि परतावा यांचं नातं सरळ रेषेचं नसून वक्र आहे आणि ड्युरेशन त्या वक्राची स्पर्शरेषा धरून चालतं. हे तीन-चार वाक्यांत लिहिता आलं पाहिजे. आकडा बरोबर आणि खाली एकही वाक्य नाही, अशा उत्तरपत्रिकांना मार्क कमी पडतात. ही आपल्या परीक्षांनी लावलेली सवय आहे आणि ती निघण्याच्या महिनाभर आधीपासून मोडायला घ्यावी: रोज एक गणित, आणि त्याखाली ‘असं का’ याचा एक परिच्छेद.

दिवसाची आखणी अशी ठेवली तर जमतं. लेक्चर संपलं की त्याच दिवशी लायब्ररीत दोन तास त्यावर बसायचं, रात्री दुसऱ्या दिवसाच्या क्लासची गणितं करायची. लायब्ररीचं कार्ड समर स्कूलच्या विद्यार्थ्यांनाही मिळतं. मधली परीक्षा दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि शेवटची लेखी परीक्षा तिसऱ्याच्या अखेरीला येते, म्हणून पहिला शनिवार-रविवार लंडनसाठी मोकळा ठेवा आणि दुसरा अभ्यासाला द्या. दुसऱ्या शनिवार-रविवारी पॅरिसला जायचा बेत तर करूच नका. ब्रिटनचा व्हिसा शेंगेनला चालत नाही, वेगळा काढावा लागतो. परीक्षेला कुठला कॅल्क्युलेटर चालतो ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या आणि साधा सायंटिफिक घरूनच आणा.

खाण्याचं फार अवघड नाही. सेन्सबरी, टेस्कोच्या छोट्या दुकानांत सँडविच-पेय-फळ असं मील डील मिळतं. शाकाहारींसाठी युस्टन स्टेशनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळपुरीपासून थाळीपर्यंत सगळं आहे. जुन्या प्रवासवर्णनांत स्ट्रँडवरच्या इंडिया क्लबची शिफारस सापडेल, पण तो सप्टेंबर २०२३मध्ये बंद झाला. हॉस्टेलला स्वयंपाकघर आहे का हे बुकिंगच्या वेळीच बघा. असेल तर घरून मेतकूट, भाजणी, चटण्या आणता येतात. दुधाचे पदार्थ मात्र भारतातून नेता येत नाहीत, म्हणजे तूप आणि पेढे घरीच ठेवायचे.

पहिल्या मोकळ्या शनिवारी एक चक्कर मात्र अवश्य करा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६मध्ये याच एलएसईत दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानं त्यांना परतावं लागलं. १९२०मध्ये ते पुन्हा आले, १९२१मध्ये एमएस्सी आणि १९२३मध्ये डीएस्सी मिळवली. प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न, म्हणजे शुद्ध चलनशास्त्र. वकिलीचा अभ्यास त्यांनी ग्रेज इनमध्ये केला, ते हॉटन स्ट्रीटवरून चालत पंधरा मिनिटांवर आहे. ते राहत असलेलं १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारनं २०१५मध्ये विकत घेतलं, तिथं आता स्मारक आहे. नॉर्दर्न लाइनचं चॉक फार्म स्टेशन जवळ पडतं. निघण्याआधी उघडण्याच्या वेळा बघून घ्या. फायनान्स किंवा इकॉनॉमिक्स शिकणाऱ्या मराठी मुलानं हे घर न बघता परत येऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

क्रेडिटचं काम परत आल्यावर करायचं नसतं, जाण्याआधी करायचं असतं. युरोपच्या पद्धतीनं एक कोर्स साधारण ७.५ ईसीटीएसचा (युरोपातली क्रेडिटची मोजणी) धरतात, पण आपलं विद्यापीठ तो आपोआप मानत नाही. कोर्सची रूपरेषा, तासांची संख्या, परीक्षेची पद्धत आणि वाचनयादी यांची एक फाइल करून विभागप्रमुखांना एप्रिलमध्ये द्या आणि कुठल्या पेपरच्या बदली चालेल ते लेखी घ्या. नाहीच मानलं तरी ग्रेडचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मास्टर्सच्या अर्जाला जोडता येतं, आणि चांगली ग्रेड असेल तर त्याचं वजन पडतं. सर्टिफिकेटचं तितकं पडत नाही. क्लास घेणाऱ्या शिक्षकांकडून शिफारसपत्र हवं असेल तर तिसऱ्या आठवड्यात प्रत्यक्ष भेटून विचारा. चार महिन्यांनी ईमेल केला तर इतक्या विद्यार्थ्यांतून त्यांना चेहरा आठवणं कठीण. आणि मूडलवरच्या (कोर्सचं साहित्य ठेवलेली वेबसाइट) स्लाइड्स, गणितांचे संच, वाचनयादी हे सगळं परीक्षा संपताच लॅपटॉपवर उतरवून घ्या. तिथला प्रवेश कायम राहत नाही, आणि क्रेडिटसाठी कॉलेज पुढे जे कागद मागतं ते नेमके हेच असतात.