.32 चा हिशेब : रिमलॉक सापडला आणि निवड उलटली

सदऱ्याखाली बाळगायला आपल्या गटाने चालवलेली .32 बोअरच्या पिस्तुलांची निवड गेल्या खेपेला दोनवर आली होती. जुने वॉल्थर पीपीके, नाहीतर त्याचाच थोरला भाऊ पीपी. कौल पीपीकेकडे होता, कारण उघड आहे : लांबी 155 मिमी, पीपीची 170. उंचीतही साधारण नऊ मिमीचा फरक. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पातळ सदऱ्याखाली नळी कधीच दिसत नाही, दिसतो तो दस्ता. त्यामुळे ते नऊ मिमी फार मोलाचे वाटत होते.

आता तो कौल फिरला आहे. फिरवला मॅगझिनने, म्हणजे दस्त्यात बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीने.

दोन्ही पिस्तुले गटातल्याच लायसन्सधारकांची आहेत, म्हणून हाताळणीही ज्याची त्यानेच केली. कोऱ्या, म्हणजे गोळी न झाडता करायच्या, सरावासाठी डमी काडतुसे भरलेली मॅगझिन मालकाच्याच खिशात बाड्यावरून मुरारपर्यंत मोटारसायकलवर गेली. उतरल्यावर मॅगझिन पिस्तुलात घातले, स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) ओढली, तर ती अर्ध्यावर अडली. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. पहिला संशय स्प्रिंगवर आला आणि एक अख्खी संध्याकाळ स्प्रिंग बदलण्यात वाया गेली. दोष तिथे नव्हताच.

.32 एसीपी, म्हणजे 7.65 ब्राउनिंग, 1899 पासूनचे अर्ध-रिमचे काडतूस. बुडाची रिम, म्हणजे कड, साधारण 9.1 मिमी, तिच्या वरचे अंग 8.6 च्या आसपास. म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम पाव मिमी कड बाहेर डोकावते. ही कड जपायची कशी, ते सगळ्यांना ठाऊक आहे : वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे बसली पाहिजे. हादऱ्याने वरचे काडतूस मागे सरकले आणि त्याची रिम खालच्या रिमच्या मागे उतरली, की कुलूप लागते. हाच रिमलॉक. मग स्लाइडने कितीही ढकला, वरचे पुढे येणार नाही. उलट जितके ढकलाल तितके घट्ट.

आता खरा प्रश्न : सरकायला जागा किती लागते? रिमची जाडी सुमारे 1.1 मिमी. मॅगझिनमध्ये काडतुसाच्या पुढेमागे तेवढी किंवा त्याहून जास्त मोकळीक असेल तर कुलूप लागू शकते. कमी असेल तर लागूच शकत नाही. इतके साधे गणित, आणि आपण महिनाभर लांबी-उंची मोजत बसलो.

मोजमाप असे घेतले. पिस्तूल रिकामे, चेंबर (नळीच्या मागचा काडतूस बसणारा कप्पा) डोळ्याने आणि बोटाने तपासलेला, जिवंत काडतुसे दुसऱ्या खोलीत. मॅगझिनमध्ये एकच डमी, मागच्या भिंतीला टेकवून. तिचे टोक आणि पुढची भिंत यांच्यात फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालायचे, इंजिनाचे टॅपेट लावायचे असते तेच. महागडे गन-टूल मागवू नका, स्कूटर मेकॅनिककडचा संच पुरतो. धातूचे पूर्ण कवच असलेल्या गोल टोकाच्या काडतुसाची लांबी 25 मिमीपर्यंत असते, बुडावर केएफ छापलेली आपली खडकीचीही त्याच घाटाची. आपल्या प्लास्टिक डमी मात्र दीड मिमी आखूड निघाल्या. अस्सल मॅगझिनमध्ये पूर्ण लांबीला मोकळीक अर्ध्या मिमीच्या आत, डमीला जवळजवळ दोन. कुलूप लागणारच! पोकळ टोकाची काडतुसेही बहुधा आखूडच असतात, तेव्हा त्यांच्यावर भाळणाऱ्यांनी हीच मोजणी आधी करावी.

इथवर पीपीके निर्दोष सुटले असते. पण त्याच्यासोबत आलेले दुसरे मॅगझिन स्थानिक नक्कल आहे. पत्रा पातळ, आतली खोली जास्त. पूर्ण लांबीचे काडतूस घालूनही मोकळीक 1.3 भरते. ओठही (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) एका बाजूला किंचित उघडलेले. पीपीची दोन्ही मॅगझिन अस्सल आहेत, प्रत्येकी आठ काडतुसांची, आणि दोन्ही मोजमापात बसतात. आयात बंद होऊन इतकी वर्षे झाली, अस्सल जोडमॅगझिन शोधायला जाल तर विक्रेता सोन्याचा भाव सांगतो. म्हणून आता पीपी. नऊ मिमी दस्त्याची सोय होल्स्टरचा कोन बदलून करू.

डमीच्या मॅगझिनसाठी उपाय ठरला होता : मागच्या भिंतीला एक मिमी जाडीची स्टीलची तार, वर ओठांच्या खाली संपणारी, तळपट्टीत वाकवून अडकवलेली. मोकळीक दोनवरून एकवर येते, कुलूप लागणे थांबते. अशा मॅगझिनमध्ये पूर्ण लांबीचे जिवंत काडतूस रेटून भरले तर टोक पुढे घासते आणि काडतूस चेंबरमध्ये जायचे अडते, म्हणून तळाला लाल रंगाचा ठिपका हवाच.

पण हे लिहिता लिहिता दुसरेच सुचते आहे. तार घालूच नये. आखूड डमी हीच तर कुलपाची फुकट तालीम आहे. सवयीने हात आधी स्लाइड ओढतो, आणि इथे तेच चुकते. क्रम असा बसवायचा : एकदा ओढून अडले, की मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामा बघायचा, दुसरे मॅगझिन आत. अडकलेले मॅगझिन नंतर निवांत सोडवायचे, पातळ पितळी काडीने खालचे काडतूस दाबून वरचे पुढे काढायचे. लोखंडी सळई नको, ओठ वाकतात.

म्हणजे तार रद्द, लाल ठिपका कायम, आणि नक्कल मॅगझिन फक्त तालमीला.

कोणी रिव्हॉल्व्हरचा धोशा लावेलच. .32 एस अँड डब्ल्यू लाँग या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला हे दुखणे नाही, खरे आहे. कानपूरचे निर्भीक 500 ग्रॅमच्या आसपासचे, हलके. पण सिलिंडरचा फुगवटा सदऱ्यात लपत नाही, तो वाद मागच्याच खेपेला संपला.

आता उरले होल्स्टर. चामडे घाम पिते आणि दोन आठवड्यांत स्लाइडच्या निळाईवर तांबूस छटा येते, तेव्हा काइडेक्स, म्हणजे कडक प्लास्टिकचे. चाप पूर्ण झाकलेला हवा. आणि पीपीच्या नव्या मालकाने लायसन्सवरचा क्षेत्राचा रकाना बघून घ्यावा : फक्त मध्य प्रदेश असेल तर झाशीला किंवा मुरैन्यापुढे चंबळ ओलांडून धौलपूरला जाताना पिस्तूल घरी.