मामाचं मटणाचं दुकान

ऑस्टिनहून लॉकहार्ट पन्नासेक किलोमीटर. मामा कोल्हापूरहून येऊन तीन आठवडे झाले होते. मॉल बघून झाले, देऊळ बघून झालं, तळ्याकाठी चालून झालं. मग एका शनिवारी म्हटलं, चल, तुला खरं टेक्सास दाखवतो.

गावाच्या मधोमध १८९४ सालचं मनोरे-घड्याळवालं कोर्ट आहे आणि भोवती बैठी दुकानं. १९९९ साली टेक्सासच्या विधिमंडळात ठराव करून या गावाला राज्याची बार्बेक्यूची, म्हणजे धुरावर भाजलेल्या मांसाची, राजधानी म्हणवून घेण्याचा मान दिला. गाडीचं दार उघडताच धुराचा वास आला. मामा म्हणाला, "कुणाचं तरी चुलवाण पेटलंय."

आम्ही शिरलो त्या दुकानाला हॉटेल म्हणवत नव्हतं. काळवंडलेल्या विटांची भट्टी, तिच्या तोंडाशी जमिनीवरच जळणारे ओकचे ओंडके, आणि रांग थेट त्या आगीला खेटून पुढं सरकणारी. एका बाजूची मांडी भाजून निघते, पण कुणी रांग सोडत नाही. वेटर नाही. समोर लाकडी ठोकळा, त्यामागं सुरी घेऊन उभा माणूस, आणि शेजारी वजनकाटा.

काटा दिसल्यावर मामाचा चेहरा उजळला. "अरं, हे तर मटणाचं दुकान!"

मामा बरोबर होता. गेल्या शतकाच्या सुरुवातीला या भागात जर्मन आणि चेक वस्तीतल्या खाटकांची दुकानं होती. न खपलेलं मांस खराब होऊ नये म्हणून ते धुरावर भाजून ठेवत. कापूस वेचायला आलेले मजूर ते विकत घेत आणि तिथंच, बांधून दिलेल्या कागदावर, बिस्किटांबरोबर खाऊन टाकत. गिऱ्हाईक बसायला लागलं म्हणून बाकं आली. ताट मात्र अजून आलेलं नाही, आजही तो खाकी कागदच. काही जुन्या दुकानांत काटेचमचेसुद्धा मिळत नसत. (आपल्याला त्याचं काय कौतुक म्हणा!)

ब्रिस्केट म्हणजे गाईच्या छातीचं मांस, ते आपल्याला चालायचं नाही, हे मी गाडीतच सांगून ठेवलं होतं. सॉसेजमध्येही बहुतेक तेच असतं. राहिलं डुक्कर आणि टर्की, म्हणजे कोंबडीसारखाच पण मोठा पक्षी. पण इथला मानकरी ब्रिस्केटच, आणि त्याची तऱ्हा मला ऑफिसातल्या एका टेक्सासी सहकाऱ्यानं सांगितली होती. शंभर-सव्वाशे अंश सेल्सिअसच्या धुरात बारा-बारा तास. छातीचा स्नायू चिवट, मंद आचेवर त्यातले तंतू विरघळेपर्यंत तो ऐकत नाही. त्यात निम्म्या वाटेवर एक गंमत होते. साधारण सत्तर अंशांच्या आसपास मांसाचं तापमान तासन् तास हलेनासं होतं. आग चालू, धूर चालू, आणि तापमापकाचा काटा ढिम्म. नवशिके घाबरून जाळ वाढवतात.

"का अडतं?" मामानं विचारलं.

"आतला ओलावा वर येऊन वाफ होत राहतो. जेवढी ऊब मिळते तेवढी त्यातच जाते."

"म्हंजे माठ," मामा म्हणाला. "पाणी गार हुतं तसंच."

मला हे समजायला दोन लेख वाचावे लागले होते.

आमचा नंबर आला. सुरीवाला काही बोलायच्या आत मामानं बोट दाखवलं, "चाप." मी भाषांतर करणार तोवर त्या माणसानं डुकराच्या फासळ्यांचं धूड ठोकळ्यावर घेतलंसुद्धा. मामानं दोन बोटांनी अंतर दाखवलं, त्यानं सुरी तिथं ठेवली. मामानं मान हलवली, त्यानं सुरी इंचभर सरकवली. खच्. वरची साल काळीकुट्ट, जळल्यासारखी. आत मात्र गुलाबी रेघ आणि हाडापाशी साचलेला रस. मग टर्कीचा अर्धा पाउंड. कोपऱ्यातला एक तुकडा त्यानं न तोलता मामाच्या तळहातावर ठेवला.

"वरकड घालतोय," मामा मला म्हणाला. "गिऱ्हाईक वळखतंय ह्ये."

बाकावर बसून कागद उलगडला. पांढरा पाव, कांदा, लोणच्यातली काकडी, झालं जेवण. मसाला म्हणावा तर मीठ आणि मिरीपूड. मामाला तिखट लागणार हे ठाऊक असल्यानं मी डबीत कांदा-लसूण चटणी नेली होती. त्यानं पहिली फासळी तशीच खाल्ली, दुसरीही. हाड हातात फिरवून बघितलं, मांस अलगद सुटून निघालं होतं. डबी बंदच राहिली. मला थोडा रागही आला, पहाटे उठून ती मीच भरली होती.

"अर्धा पाउंड म्हंजे किती रं?"

"दोनशे सत्तावीस ग्रॅम."

मामानं हिशेब केला. "पाव किलोत तेवीस ग्रॅम मारलं की यानं!" मग हातावरच्या त्या फुकटच्या तुकड्याची आठवण झाली असावी, कारण पुढं काही बोलला नाही.

संध्याकाळी मामीचा फोन आला. शर्टाला अजून ओकचा वास येत होता.

"कुठं गेलता?"

"मटणाच्या दुकानात."

"अमेरिकेत जाऊन?" मामी म्हणाली. "बरं, भाव काय?"

मामानं फोन माझ्या हातात दिला.