दर वाढला की विडी परराज्यात जाते, मग दर मागता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सोलापूरच्या विडी कामगार बायका किमान वेतनासाठी मोर्चे काढतात, मग कारखानदार काम स्वस्त मजुरीच्या राज्यात नेतात, तर दोष कुणाचा? हा प्रश्न ऐकून आता कान किटलेत.

काम जातं, हे मी कुठे नाकारते? सूतगिरणी उचलून नेता येत नाही. विडीला ना यंत्र लागतं ना वीज. पान, तंबाखू, दोरा पाठवला की झालं, वळणारे हात गरिबाच्या कुठल्याही घरात सापडतात. 1966 चा विडी-सिगार कामगार कायदा केरळने लागू करायला घेतला, तेव्हा मंगळूरच्या मालकांनी 1968 मध्ये कण्णूरचे कारखानेच बंद केले. सुमारे 12,000 कामगार घरी बसले.

आमच्या घरी हेच लहान मापात घडलं. सरकारने हजारी दर, म्हणजे हजार विड्या वळायची मजुरी, वाढवला आणि कारखान्याच्या ब्रँचमध्ये, जिथून पान-तंबाखू घरी न्यायचं आणि वळलेल्या विड्या जमा करायच्या, तिथे आईला पान कमी मिळायला लागलं. आधी हजार विड्यांचं, मग सातशेचं, पुढे आठवड्यात तीनच दिवस काम. त्यातही पान कमी पडलं तर ती पदरचे पैसे घालून बाजारातून आणायची, कारण विड्या कमी भरल्या तर कामाचं कार्ड जाईल ही धास्ती. युनियनच्या सभेला मीच तिला नेलं. तिथे ती उभी राहिली आणि म्हणाली, "दर जुनाच राहू द्या, पान तेवढं पुरतं द्या." कुणी तिला खाली बसवलं नाही. घरी येताना मी तिला म्हणाले, तुझ्यासारख्यांमुळेच मालकांचं फावतं. ती म्हणाली, "शनिवारी किराणावाल्याला काय देऊ, तुझं भाषण?"

तिचा हिशोब चोख होता. तरी विचारते, सोलापूर जुन्या दरावर थांबलं असतं, तर बंगालमधल्या मुर्शिदाबादच्या बाईला मालकाने त्याहून खालचा दर दाखवला नसता का?

त्या वयात मला वाटायचं, देशभर एकच दर करा, प्रश्न मिटला. 2019 च्या वेतन संहितेत केंद्राने तळाचं वेतन ठरवायची तरतूद आली, पण तेही भूभागानुसार वेगळं ठेवायची मुभा आहे. आणि दर एकच झाला, तरी बंगालमधल्या बाईचं काम गेलं तर तिला मी काय सांगू? तिलाही माझ्या आईएवढाच दर हवा, यावर मी ठाम आहे. पुढच्या मोर्चालाही मी जाणार आहे.