तुम्ही विचारलंत म्हणून: पोराला सरकारी नोकरीच्या मागे लावू का?

लग्नाची पंगत असो की दवाखान्याचं बाकडं, कुणीतरी मला हे विचारतंच. 'मॅडम, पोरगं ग्रॅज्युएट झालंय. सरकारी नोकरीच्या मागे लावू का?' मी 2009 मध्ये तलाठी म्हणून लागले, आता मंडळ अधिकारी, म्हणजे काही तलाठ्यांच्या वरची अधिकारी आहे. उभ्या उभ्या हो किंवा नाही म्हणून मोकळं होणं मला जमत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी पगाराचं. सातव्या वेतन आयोगात तलाठ्याचं मूळ वेतन 25,500 पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. मी कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातली. पाऊस येवो न येवो, महिन्याचा किराणा भरला जातो, याचं मोल मला कुणी सांगायला नको. बाळंतपणात 180 दिवस भरपगारी रजा मिळाली. माझ्या धाकट्या बहिणीला त्याच कारणासाठी खासगी नोकरी सोडावी लागली होती.

पेन्शनचं मात्र नीट समजून घ्या. 'म्हातारपणाची सोय' म्हणताना लोकांच्या डोळ्यांसमोर त्यांचे निवृत्त मास्तर काका असतात. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना तशी पेन्शन राहिली नाही. आमच्या पगारातून दरमहा 10 टक्के कापले जातात, सरकार आपला वाटा घालतं आणि ती रक्कम बाजारात गुंतवली जाते. मार्च 2023 मध्ये आम्ही सात दिवस संपावर बसलो ते जुनी पेन्शन परत मिळावी यासाठीच. तेव्हा काकांचा हिशेब पोराला लावू नका.

ही बेरीज-वजाबाकी सगळेच करतात. त्या खुर्चीत बसून रोज काय करायचं असतं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

2014 च्या मार्चमधली गारपीट. कृषी सहायक, ग्रामसेवक आणि मी गव्हाच्या एका वावरात उभे होतो. बरंच पीक आडवं झालं होतं, तरी मधे मधे उभं होतं. मी ओंब्या तोडून तळहातावर चोळत होते, दाणे निघत होते. तेव्हा निम्मं किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तरच मदत बसायची. ही अट 33 टक्क्यांवर आली ती 2015 मध्ये. तिघांनी वावर दोनदा फिरून पाहिलं, अंदाज पंचेचाळीसच्या वर जाईना. शेतकरी एक शब्द बोलला नाही. बायकोला म्हणाला, 'मॅडमना चहा टाक.' मी पंचनाम्यात पंचेचाळीस लिहिलं आणि त्याच्या अंगणात बसून तो चहा प्यायले. शेजारच्या वावरात साठ टक्के भरलं होतं. खोटं लिहिलं असतं तर पुढच्या बांधावर कुठल्या तोंडानं गेले असते? पण खरं लिहून त्याचं घर कसं चाललं असेल, हे आजही मनातून जात नाही.

आणि याच खुर्चीत बसून एका बाईचं नाव सात-बाऱ्यावर लागलेलं मी पाहिलं आहे. नवरा गेल्यावर ती वारस नोंदीसाठी वर्षभर हेलपाटे घालत होती. मी त्या सजावर, म्हणजे तलाठ्याकडच्या त्या गावांवर, आले आणि तिचा अर्ज दप्तरात तळाशी सापडला. फेरफार, म्हणजे मालकाचं नाव बदलण्याची नोंद, धरला, नोटिसा बजावल्या, पंधरा दिवसांत हरकत आली नाही, नोंद मंजूर झाली. काम एवढंच. उतारा हातात पडल्यावर तिनं स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, 'हेच का माझं?' असं तिनं मला दोनदा विचारलं.

जाच आहेच. एका सजाचा पगार आणि तीन सजांचा कारभार. निवडणुकीची कामं वेगळी. वाळूच्या गाड्या अडवायला रात्री नदीवर जावं लागतं, आणि त्या गाडीवाल्यांना आपलं घर ठाऊक असतं. पाकीट तर पहिल्या वर्षातच टेबलावर येतं. पहिलं परत करताना हात थरथरतो, ते परत केलं की पुढची कमी येतात. बदली होते तेव्हा घरात कोण आजारी आहे, हे कुणी विचारत नाही. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात मी तिच्यापासून ऐंशी किलोमीटर लांब होते.

आणि वाट पाहण्याचंही ओझं असतं. 2023 च्या तलाठी भरतीत 4644 जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त मुलं. यातली हुशार, कष्टाळू मुलंही बाहेर राहणारच. पंचविशीतली पाच-सहा वर्षं अभ्यासिकेत गेलेली आणि आता गावी यायला लाजणारी मुलं मला भेटतात, तेव्हा माझा जीव तुटतो. म्हणून किती वर्षं द्यायची ते आधी ठरवा, आणि ते पोरासमोर मोठ्यानं बोला. 'लागेपर्यंत कर' असं म्हणू नका.

क्लासची फी भरायच्या आधी आणखी एक करा. पोराला आठ दिवस एखाद्या तलाठी कार्यालयाच्या बाकावर बसवा.

शेजारच्या मुलीला मी मागच्या दिवाळीनंतर हेच सांगितलं. ती वही घेऊन आली, कोपऱ्यात बसली. सर्व्हर बंद होता. एक आजोबा उताऱ्यासाठी दोन दिवस एसटीनं येऊन रिकाम्या हातानं परत गेले. तिसऱ्या दिवशी तिनं उठून त्यांचा फोन नंबर वहीत लिहून घेतला. सर्व्हर सुरू झाला तेव्हा माझ्या ध्यानातही नव्हतं. तिनंच त्यांना फोन लावला, 'आजोबा, आज या.' तिनं स्वतःला दोन वर्षं दिली आहेत. सध्या अभ्यास चालू आहे.