ऑस्ट्रेलियात दातांसाठी कव्हर घेताय? टक्के नाही, लिमिट बघा

इकडे मेलबर्नला नवीन आलेल्या प्रत्येक मराठी फॅमिलीत कधी ना कधी हा विषय निघतोच, दातांसाठी प्रायव्हेट कव्हर घ्यायचं का आणि कुठलं. मोठ्यांच्या दातांचं मेडिकेअरमध्ये (इथल्या सरकारी आरोग्य योजनेत) जवळपास काहीच येत नाही, आणि पुण्यात कोपऱ्यावरच्या डेंटिस्टकडे जायचं, खिशातून पैसे द्यायचे आणि घरी यायचं ही सवय असते आपल्याला, त्यामुळे इथलं पहिलं बिल बघून घाम फुटतो आणि मग लोक घाईघाईत "६० टक्के परत" एवढंच वाचून एक्स्ट्राज कव्हर (दात, चष्मा अशा हॉस्पिटलबाहेरच्या खर्चाचा विमा) घेऊन टाकतात.

मी मनापासून सांगते, टक्के नंतर बघा, आधी वार्षिक लिमिट बघा, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त किती पैसे परत मिळतात ते. समजा क्राउनला (दातावरच्या कॅपला) १,८०० डॉलर लागले, ६० टक्क्यांनी १,०८० परत यायला हवेत, पण मेजर डेंटलचं (क्राउनसारख्या मोठ्या कामांचं) लिमिट ८०० असेल तर ८००च मिळणार, उरलेले हजार तुमचे. आणि ते लिमिट माणशी आहे की पूर्ण फॅमिलीचं मिळून आहे हे नक्की विचारा, चौघांच्या घरात सगळा फरक तिथेच पडतो. काही पॉलिसीत तर टक्के नसतातच, प्रत्येक कामाला ठरलेली रक्कम असते. म्हणून सगळ्यात चांगला उपाय म्हणजे डेंटिस्टकडून आयटम नंबरसकट कोट घ्यायचं (चेकअप ०१२, स्केलिंग ११४ असे नंबर असतात) आणि फंडाला (विमा कंपनीला) फोन करून विचारायचं की या नंबरांवर मला किती डॉलर मिळतील. डॉलरमध्येच विचारा. तुमचा डेंटिस्ट त्यांच्या नेटवर्कमध्ये आहे का तेही त्याच फोनवर विचारून घ्या, कारण "नो गॅप" (खिशातून काही भरावं न लागणारा) चेकअप बऱ्याचदा नेटवर्कमधल्या डेंटिस्टकडेच मिळतो.

वेटिंग पीरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर क्लेम करता येईपर्यंत थांबायचा काळ, साधारण असा: चेकअप-फिलिंगला २ महिने, क्राउन वगैरे मोठ्या कामाला १२ महिने. दाढ ठणकायला लागल्यावर पॉलिसी घेऊन क्राउनचा खर्च निघत नाही. फंड बदलताना मात्र आधी काढलेला वेटिंग सहसा नवीन फंड धरतो, तेवढं लेखी घ्या.

मुलांचं वेगळं आहे आणि इथे मला खरंच वाटतं की लोक विनाकारण पैसे घालवतात. फॅमिली टॅक्स बेनिफिट पार्ट ए (मुलं असलेल्या कुटुंबांना मिळणारा सरकारी भत्ता) मिळत असेल तर १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना सरकारच्या चाइल्ड डेंटल बेनिफिट्स स्कीममधून दोन कॅलेंडर वर्षांत मिळून हजार डॉलरच्या वर काम करून मिळतं, चेकअप, फिलिंग, दात काढणं सगळं त्यात येतं. व्हिक्टोरियात (मेलबर्नच्या राज्यात) सरकारी शाळेतल्या मुलांसाठी स्माइल स्क्वॉड ही दातांच्या तपासणी-उपचारांची योजना आहे, तेही फुकट. शाळेतून फॉर्म आला की सही करून पाठवा, दप्तरात राहू देऊ नका! टेम्पररी व्हिसावर असाल तर टॅक्स बेनिफिटवाली स्कीम सहसा मिळत नाही, मग मुलांसाठीही एक्स्ट्राजचा विचार करावाच लागतो.

ब्रेसेस मात्र या सरकारी स्कीममध्ये येत नाहीत. एक्स्ट्राजमध्ये ऑर्थोडॉन्टिक्सला बहुतेक ठिकाणी लाइफटाइम लिमिट असतं, म्हणजे ते एकदा संपलं की संपलं, आणि वेटिंग निदान वर्षाचा. मुलाचे दात वेडेवाकडे येतायत असं आठव्या-नवव्या वर्षीच दिसत असेल तर कव्हर तेव्हाच घ्या, बाराव्या वर्षी धावपळ करण्यापेक्षा.

अजून एक, फक्त एक्स्ट्राज घेऊन मेडिकेअर लेव्ही सरचार्ज (जास्त उत्पन्न असून हॉस्पिटल कव्हर नसेल तर लागणारा जादा कर) वाचत नाही, त्याला हॉस्पिटल कव्हरच लागतं. आणि दोन्ही एकाच फंडाकडून घ्यायची सक्ती नाही. सरकारची प्रायव्हेट हेल्थची वेबसाइट आहे तिथे सगळ्या फंडांच्या पॉलिसी शेजारी शेजारी ठेवून बघता येतात, कमिशन खाणाऱ्या तुलनेच्या साइट्सपेक्षा मला तीच बरी वाटते.

आईबाबा इकडे येणार असतील तर त्यांच्या व्हिजिटर कव्हरमध्ये दातांचं काम सहसा नसतं, आणि तुमच्या फॅमिली पॉलिसीतही ते बसत नाहीत. रूट कॅनाल, कवळी जे काही राहिलंय ते तिकडेच उरकून घ्यायला सांगा. कवळी नवीन असेल तर निघायच्या निदान महिनाभर आधी करून घेऊ दे, सुरुवातीला ती टोचते आणि घासून घ्यायला परत त्याच डॉक्टरकडे जावं लागतं.